धुरातला टोला

मी एक जुना काशाचा थाळा आहे, टांगून वाजवायचा. जुना म्हटलं की तुम्हाला वाटणार, हा आता खोकत खोकत, सावकाश बोलणार. अजिबात नाही! मित्रांनो, मला जाम राग आलाय, आणि तुमच्या बाई तुम्हाला पुढच्या दालनात न्यायच्या आत मला सगळं सांगून टाकायचंय. तेव्हा मध्ये बोलू नका.

ती समोरची भिंत बघितलीत ना? आत्ताच बाईंनी मोठ्याने वाचून दाखवली. '१४३१ साली जगात काय घडलं?' ख्मेर लोकांची दगडी राजधानी सयामी सैन्याने घेतली. चीनच्या सम्राटाची मोठमोठी जहाजं सफरीला निघाली. रोमचा धर्मगुरू वारला. फ्रान्समध्ये एका शेतकऱ्याच्या पोरीला भर चौकात जाळलं. आणि सगळ्यात खाली आमचं गाव : 'या बंदरात पलीकडच्या बेटावरील राजाचा दुखवटा पाळण्यात आला.' झालं! एवढंच! आणि माझ्या खाली पाटी काय लावलीय? 'राजघराण्याचा थाळा. जुना झाल्याने तडा गेलेला. हात लावू नये.'

खोटं! साफ खोटं! जुना झाल्याने नाही गेला तडा. मला माहितीये कोणी पाडला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मला जावा बेटावर बनवलं. पाच-सहा कासार भट्टीभोवती घामाघूम होऊन मला ठोकत होते. शेवटी त्यांतल्या म्हाताऱ्याने माझ्या मधल्या टेंगळावर एक टोला दिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा जवळच्यांसाठी नाही रे. हा लांबच्या माणसासाठी आहे." मी किती फुगलो होतो तेव्हा!

आणि मग मला इथे आणलं, नदीच्या मुखाशी, शाहबंदराच्या ओसरीवर. शाहबंदर म्हणजे बंदराचा सगळ्यात मोठा अधिकारी, सगळे त्याला दातुक म्हणायचे. त्याने माझ्यावर पिवळं कापड टाकलं आणि नियम केला : हा फक्त राजांसाठी वाजेल. राजाच्या घरी जन्म, राजाच्या घरी मरण, बस. दुसऱ्या कोणी हात लावला तर बघून घेईन! पाक बेलांग नावाचा म्हातारा मला चिंचेने घासायचा, झळझळीत करायचा. परदेशी व्यापारी यायचे, वाहवा करायचे. आणि मी वर्षातून दोनदा वाजायचो. दोनदा! लांबच्या माणसासाठी बनवलेला मी!

मग ते वर्ष आलं. पलीकडच्या बेटावरचा म्हातारा राजा मेला. आमच्या राजाच्या आत्याचा सासरा. गावात एकानेही त्याचं तोंड बघितलेलं नव्हतं. तरी मला वाजवलं, आणि वर हुकूम सुटला : चाळिसावा दिवस होईपर्यंत गावात आवाज नको. ढोल नको, गाणं नको, भात कांडणंसुद्धा नको!

आता कांडणं का महत्त्वाचं, ते ऐका. कोरड्या दिवसांत पलीकडच्या बेटावर रान जाळतात, आणि तो धूर समुद्र ओलांडून आमच्याकडे येतो. इतका दाट की आपला हात आपल्याला दिसत नाही. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीत होडी चुकली की वाळूवर आपटते, नाहीतर प्रवाह तिला उघड्या समुद्रात ओढून नेतो. म्हणून धूर आला की सगळ्या बाया काठावर उखळं घेऊन बसायच्या आणि एका तालात कांडायच्या. धुम्म, धुम्म, धुम्म. त्या आवाजाच्या मागे पुरुष घरी यायचे.

आणि मित्रांनो, दुखवट्यात एके दिवशी पुरुष समुद्रावर कशाला गेले होते माहितीये? दातुकाला दुखवट्याच्या जेवणासाठी मासे हवे होते! स्वतः पाठवलं त्याने!

दुपारी गावावर धूर उतरला. बायांनी हुकूम गुंडाळून ठेवला आणि कांडायला घेतलं. शिपाई आले आणि सगळी मुसळं उचलून नेली.

तेव्हा दांग सेंदारी तरातरा ओसरीवर चढून आली. ती खारवलेली कोळंबी विकायची. तिचा नवरा पंदक. पंदक म्हणजे बुटका. खरंच एवढासा होता, ती त्याला सारखी चिडवायची, "होडीत उभा राहिलास तरी मला नुसती टोपी दिसते."

"दातुक, मुसळं द्या."

"दुखवटा आहे."

"राजा मेलाय. आमची माणसं अजून जिवंत आहेत."

"मग हाका मारा."

"हाका धूर गिळतोय! तो बघा, त्याचा आवाज नाही गिळणार." तिने माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे! माझ्या अंगावर काटा आला असता, अंग असतं तर.

"तो राजांसाठी आहे. तुझा पंदक राजा आहे का?"

"घरात तरी तसाच वागतो!"

खाली बाया हसल्या. हसता हसता एक रडायलाच लागली. दातुक लालबुंद झाला, म्हणाला, "काठी पडेल पाठीत," आणि आत जेवायला गेला. जेवायला!

सेंदारीने कोपऱ्यातलं वल्हं उचललं, माझं पिवळं कापड ओढून फेकलं आणि जीव खाऊन मला हाणलं. कड! तोच हा तडा. पाक बेलांग धावत आला. मला वाटलं, आता हा तिला धरणार.

"अगं बये, वल्ह्याने नको!" तो ओरडला. मग त्याने माझा मऊ मोगरा, म्हणजे मला वाजवायचा दांडा, फडक्यातून सोडवला आणि तिच्या हातात दिला. "मारायचंय तर नीट मार. मधल्या टेंगळावर. हळू नको, घाई नको."

आणि मी वाजलो! फुटका वाजलो, चिरका वाजलो, पण असा कधीच वाजलो नव्हतो. पहिल्यांदा लांबच्या माणसांसाठी! शिपाई तिच्याकडे धावले, तर माक इताम नावाची जाडजूड म्हातारी जिन्यातच बसली. "पाय दुखतात बाबांनो, उठवत नाही," म्हणाली. आणि धुरातून एक होडी आली. मग दुसरी. मग सगळ्या! अगदी शेवटी पंदक. काठावर उतरला आणि म्हणतो, "कोण मेलं एवढं?"

इथेच गोष्ट संपली असती तर मी कशाला चिडलो असतो?

दातुकाने तिथल्या तिथे शिक्षा सुनावली. "तुला धुरातली माणसं बोलवायचीत ना? मग तूच जा धुरात." वल्हं न देता सेंदारीला होडीत बसवलं. पंदक पाण्यात शिरला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. ती म्हणाली, "तू कशाला येतोस, बुटक्या?" तो म्हणाला, "घरी एकटा कोणावर राज्य करू?" शिपायांनी ओहोटीत होडी ढकलून दिली.

पाक बेलांगला खांबाला बांधलं होतं. बायांना हाकलून दिलं होतं. पण ते पुरुष? माझ्या आवाजावर घरी आलेले सगळेच्या सगळे काठावर उभे होते. मोगरा ओसरीवर पडलेला. शिपाई मूठभर, हे एवढे. एक टोला! एकाने एक टोला मारायचा होता! ते आपल्या ओल्या पायांकडे बघत राहिले. मी नुसता लटकत होतो, पोटात आवाज घेऊन. थोडा वेळ धुरातून तिची हाक येत होती. मग तीही थांबली. ते दोघं परत आले नाहीत. कुठे लागले, कोणालाच कळलं नाही.

मला दातुकापेक्षा त्या काठावरच्या पुरुषांचाच जास्त राग येतो. अजून येतो.

मग मला उतरवून चिखलात टाकलं. बदकांना माझ्यात खायला घालायचे. कितीतरी काळाने कोणीतरी उकरलं, घासलं आणि इथे आणून टांगलं. भिंतीवरच्या त्या जाळलेल्या पोरीवर माझा राग नाही हं, ती माझ्या सेंदारीची बहीणच लागेल. पण तिच्या नावावरचा डाग लोकांनी नंतर पुसून काढला. सेंदारीच्या नावाने या भिंतीवर एक ओळ नाही!

मित्रांनो, मला पुसू नका. माझी काळजी घ्या असंही म्हणत नाही, पुढे दोरी बांधलीय, पहारेकरी आहे, काळजी पुष्कळ झाली. बाई चालल्या बघा पुढे. पहारेकरी चहाला गेलाय. आता जरा खिडकीबाहेर बघा. दिसतोय धूर? अजून येतो दर वर्षी, त्याच बेटावरून. आणि ती होडी अजून बाहेरच आहे.

मोगरा तिथेच टांगलाय, माझ्या उजव्या हाताला.

मधल्या टेंगळावर. हळू नको, घाई नको.

मारा!