प्रयोगशाळेतली पार्वतीबाई

नंदिनी फोनवर बोलत होती आणि तिचे वडील देवाजी मेश्राम ओट्याशी उभे राहून वांगी चिरत होते.

"पार्वतीबाईले आज पकडलं का, प्रशिक?" नंदिनी म्हणाली. "नाही? मंग उद्या दुसरं रसायन टाकून पाहू. कसंही करून तिले थांबवाचंच हाय."

देवाजींची सुरी थांबली. पार्वतीबाई म्हणजे देवाजींची बायको, नंदिनीची आई. तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. ती गेल्यापासून या घरात तिचं नाव निघालं नव्हतं. नाव काढलं तर बाबा रडतील म्हणून नंदिनी गप्प, आणि पोरगी रडेल म्हणून देवाजी. आणि आता हे.

"कोणाले पकडून राहिले तुम्ही?"

नंदिनीनं जीभ चावली. "बाबा, ते प्रोटीन हाय एक. सगळ्यांच्याच अंगात राहते. त्याचं खरं नाव बीसीएल इलेव्हन ए. दिवसभर कोण म्हणत बसन? म्हणून प्रशिकनं हे ठेवलं."

"त्याच्या आईचं ठेवाचं होतं!"

"बाबा, तो काही वाईट मनानं..."

"उद्या येतो मी तिथं. नाव काढून घेतो."

देवाजींच्या रागाला आणखी एक कारण होतं. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती 'अवं' होती. पाहुण्यांसमोर 'नंदिनीची आई'. लकडगंजच्या आरामशीनवर दिवसभर लाकूड कापून ते घरी येत आणि दारातूनच 'अवं' म्हणून हाक मारत. नाव घ्यायची गरजच पडली नाही. आणि ही कालची पोरं तिला नावानं हाका मारत होती, वर तिला थांबवायचे बेत करत होती.

दुसऱ्या दिवशी ते नंदिनीच्या स्कूटीवर मागे बसून तिच्या संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेत गेले.

प्रशिक स्टुलावर एक पाय लांब करून बसला होता. हा पोरगा पारशिवनीकडचा, नंदिनीसोबत संशोधन करणारा. त्याला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. होस्टेलचं जेवण त्याला सोसत नव्हतं, म्हणून पार्वतीबाई त्याला रविवारी जेवायला बोलवायची आणि बेसनाच्या पातोडीची भाजी समोर बसून खाऊ घालायची. देवाजींना पाहून तो उठायला लागला.

"या काका, बसा."

"बसाले नाही आलो. ते नाव काढ."

प्रशिकनं फ्रिजमधून बर्फाचा डबा काढला. बर्फात त्या प्रोटीनची करंगळीएवढी एक नळी उभी होती, तिच्यावर 'पार्वतीबाई' लिहिलेली चिठ्ठी. तो नखानं चिठ्ठी खरवडायला लागला. चिठ्ठी निघेना.

"मेलेल्या बाईचं नाव देता," देवाजी म्हणाले, "आन् वरून तिलेच बंद पाडता. तुले तिचंच नाव काहून सुचलं गा?"

"सांगू का? रागवू नका."

"रागावूनच आलो. सांग."

"बाळ पोटात असते ना काका, तवा त्याचं हिमोग्लोबिन वेगळं राहते. जन्मल्यावर हे प्रोटीन ते बनवणं बंद करते. मंग मोठ्या माणसाचं सुरू होते. तुमचं चांगलं सुरू झालं, माहं खराब. लहानपणचं माहं मस्त होतं, पण हिनं बंद करून टाकलं. आता हिचा हात धरता आला, तं ते पुन्हा बनन. परदेशात जीन कापून जमवलं त्यांनी, पण तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. गोळी पाहिजे. आन् गोळीले चिकटाले हिच्या अंगावर जागाच सापडत नाही."

"ते समजलं. तिचं नाव काहून?"

प्रशिकनं नंदिनीकडे पाहिलं. नंदिनीनं खिडकीकडे पाहिलं.

"काका, माह्या ताटात अर्धी पोळी असाची, आन् काकू पंखा बंद करून जायच्या."

देवाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"तुह्या ताटात पोळी तं होती," ते म्हणाले. "मी न्हाणीत असाचो. डोळ्यात साबण. आन् बाहेरून लाइट बंद!"

"माह्या बारावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिनं मेन स्विच पाडला होता," नंदिनी म्हणाली.

"तू झोपली होती वं."

"वाचून राहिली होती!"

"घोरत वाचत होती का?"

"आन् कन्हानचे लोक मले पाहाले आले, तवा? भर मे महिन्यात कूलर बंद केला तिनं!"

"पोहे खाऊन झाले होते ना त्यांचे. मंग कशाले पाहिजे कूलर, म्हणे."

तिघंही हसले. देवाजी जास्तच हसले, आणि हसता हसता त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. नंदिनीनं मुकाट्यानं स्टूल पुढे सरकवलं. आता ते बसले.

प्रशिकच्या नखाखाली चिठ्ठी अर्धी फाटली होती. "काका, बाकीची काढू का?"

देवाजींनी त्याच्या लांब केलेल्या पायाकडे पाहिलं. "दुखून राहिलं का?"

"थंडीत जरा जास्त दुखते."

"तिले माहीत होतं?"

"त्याच तं तेल लावून द्यायच्या."

देवाजी उठले, टेबलापाशी गेले. नळीला हात लावायचा नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वाकले.

"अवं," ते म्हणाले. पण 'अवं' म्हटलं की खोलीतली नंदिनीच वळून पाहणार. अशानं कोणाला हाक मारली ते कसं कळणार? त्यांनी घसा खाकरला.

"पार्वती," ते म्हणाले. नाव तोंडातून बाहेर पडलं तसे ते स्वतःच दचकले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "पार्वती, हा प्रशिक होय. माहं नाही आयकलं तं नाही. याचं आयक."

नंदिनीनं ओढणीनं नाक पुसलं. "बाबा, ते प्रोटीन हाय. कान नाही त्याले."

"तुह्या आईले दोन होते. मले काय उपयोग झाला?"

मग ते प्रशिककडे वळले. "हे फाटकं काढ. नवी चिठ्ठी लाव. पूर्ण लिही. पार्वतीबाई देवाजी मेश्राम."

"काका, नळी केवढीशी हाय. एवढं नाही मावणार."

"बारीक लिही," देवाजी म्हणाले.