कोनाड्यातून ऐकलेली गुरगुर

“आज पुन्हा जमिनीतून गुरगुर आली, तर पोरीला तिच्या पेटाऱ्यासकट बापाकडे पोचवायची. ह्यांनी ठरवलंय.”

ओपियाबाई हे आपल्या मुलाच्या, डेकिमसच्या कानात बोलल्या. पण आमच्या स्वयंपाकघरात तेवढेच कान नव्हते. चुलीआड बसून नवी सूनबाई तिटिनिया मसूर निवडत होती, आणि तिच्या डोक्यावरच्या कोनाड्यात मी होतो. तिचा हात थांबला. मग तिनं एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि निवडणं पुढे चालू केलं.

मी वोलुसियसांच्या घरचा लार बोलतोय. लार म्हणजे घर राखणारा देव. वीतभर उंची, काशाचं अंग, एका हातात शिंग, दुसऱ्या हातात ताटली, आणि एक पाय नाचायला उचललेला. कापुआच्या ज्या ओतशाळेत माझा जन्म झाला, तिथं सकाळी पळ्या ओतायचे आणि दुपारी देव. धातू एकच. मी दुपारचा, म्हणून लोक माझ्यापुढे मान झुकवतात. सकाळच्या माझ्या भावंडांनी जन्मभर कालवणं ढवळली. त्यांचा जन्म अधिक कारणी लागला, असं मला अधूनमधून वाटतं.

मालकांच्या आजोबांनी मला ओस्तियाच्या बंदरावरच्या या घरात आणून बसवलं. घरचा धंदा दोरखंडांचा. वादळ आलं नाही तर दोर तुटत नाहीत, फार मोठं आलं तर गिऱ्हाइकच बुडतं. त्यामुळे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माझ्याकडे बेताचं वादळ मागतात. मी ते कधी दिलं नाही, कारण मला ते देता येत नाही. पण जेव्हा केव्हा येतं, तेव्हा मला माळ मिळते. सण नसला की स्वयंपाकी माझ्या उचललेल्या पायाला लसणाची गड्डी अडकवतो. माझी तक्रार नाही.

मालक वोलुसियस पूजेच्या बाबतीत फार कडक. एक शब्द इकडचा तिकडे झाला, एखादं भांडं वाजलं, की सगळं पहिल्यापासून. अशुभ आवाज कानावर पडू नये म्हणून ते अंगाला गुंडाळलेल्या टोग्याचा पदर डोक्यावरून कानांपर्यंत ओढतात, आणि शेजारी पावेवाला छाती फुटेस्तोवर पावा वाजवत असायचा. शिवाय पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याचा त्यांचा स्वतःचा नेम आहे.

डेकिमसचं लग्न झालं, त्याच आठवड्यात आमचा म्हातारा पावेवाला जहाजात बसून आपल्या गावी निघून गेला. दुसरा मिळेना. आणि पुढच्याच पूजेला मालकांना गुरगुर ऐकू आली. खोल, लांबलेली, पायाखालून आल्यासारखी.

कारण शोधायला वेळ लागला नाही. नवरीला उचलून, तिचा पाय लागू न देता, उंबऱ्यापार न्यायचं असतं. डेकिमसनं उचललं होतं, पण त्याचे दंड हिशेबनिसाचे. तिची टाच उंबऱ्याला घासली. ते ओपियाबाईंनी पाहिलं होतं, आणि पाहिलेलं त्या विसरत नाहीत. पूर्वज रागावले, जमीन गुरगुरते आहे, असं ठरलं.

आता खरं सांगतो. माझा कोनाडा उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर आहे. गुरगुर जमिनीतली नव्हती. ती वर्षानुवर्षं होतीच, फक्त पाव्याखाली बुडून जायची. डेकिमसला ते लहानपणापासून माहीत होतं. ओपियाबाईंना तर सगळ्यांत आधी. पण घरच्या कर्त्याच्या पोटाविषयी बोलणं आमच्याकडे रीतीला धरून नाही. त्यापेक्षा सून परत पाठवणं सोपं.

त्या दिवशी मालकांनी पदर ओढला, खारवलेलं पीठ चिमटीत घेतलं आणि मंत्र सुरू केला. मध्यावर गुरगुर आली. त्यांनी पीठ टाकून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गुरगुर, आधीपेक्षा मोठी. पूजा लांबली की भूक वाढे, भूक वाढली की पूर्वज चिडत, पूर्वज चिडले की पूजा लांबे. चुलीवर मसूर शिजून त्याचा वास सुटला होता, त्यानं पूर्वज फारच खवळले.

शेवटी मालकांनी पदर खाली केला. चेहरा घाबरलेला होता. तो माणूस दुष्ट नाही, भित्रा आहे. ते मुलाला म्हणाले, “बोल तिला. तुझं सामान उचल म्हण. तेवढं म्हटलं की लग्न संपलं.”

डेकिमसला ती आवडायला लागली होती. रोज संध्याकाळी तो तिच्यासाठी बंदरावरून अंजीर आणायचा आणि लाजून माझ्याच कोनाड्यात ठेवून जायचा. पण बापापुढे त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “बाबा, आधी मसूर तरी खाऊ दे तिला.”

“खाईल की,” ओपियाबाई म्हणाल्या. “तिचं तोंड तेवढ्यासाठीच उघडतं.”

मालकांनी एक शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. पदर वर गेला. यात आवाज निघाला, की तिचा पेटारा बाहेर.

माझं वय झालंय. शिंगाचं टोक गेलंय, धुरानं तोंड काळं पडलंय, आणि ते तोंड ओतलेलं असल्यामुळे उघडत नाही. नाहीतर मी केव्हाच बोललो असतो. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती, घरात ज्याचं तोंड उघडतं, त्यानं ते वेळेवर उघडावं.

मंत्राच्या ऐन मध्यावर, जिथं कुणीही खोकलासुद्धा दाबून धरतो, तिथं तिटिनिया उठून उभी राहिली. पदराला हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाली,

“मामंजी, पूजा तर माझ्या बोलण्यानं मोडलीच. आता पुन्हा मांडायच्या आधी जेवून घ्या. गुरगुर तुमच्या पोटात आहे, आणि ती माझ्या आधीपासून या घरात आहे.”