न कमावलेला घोट

मित्रांनो, मी एक जुना पितळी प्याला आहे आणि माझा स्वभाव गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कल्याणच्या एका कासाराने मला घडवले, आतून चांदीसारखी कल्हई करून घेतली आणि विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या देवळात माझी रवानगी झाली. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनाघराला देऊळच म्हणते. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण, असे. रमाबाई काळ्या मनुका उकळून रस करायच्या, तो माझ्यात ओतला जाई आणि मी बाकांवरून हातोहात फिरे. आपण एक घोट घ्यायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा, अशी रीत होती. ते दिवस सुखाचे होते.

मग माझ्या नशिबी सहदेव पंच आले. पंच म्हणजे मंडळीने निवडलेला कारभारी. माणूस कडक इस्त्रीचा. विडी नाही, दारू नाही, एक रविवार चुकलेला नाही. देवसुद्धा आपल्याला विचारून न्याय करतो, असा त्यांचा समज असावा. दर शनिवारी ते मला चिंच आणि राख लावून असे घासत, जणू मीच काही गुन्हा केला होता. बाहेरून मी झळाळलो, पण आतली कल्हई पार खरवडून गेली. वरून कीर्तन, आतून तमाशा!

गल्लीतून कल्हईवाला ओरडत गेला, की रमाबाई म्हणायच्या, "पंच, एकदा द्या ना त्याला प्याला."

"प्रभूचा प्याला रस्त्यावरच्या भट्टीत?" पंच कडाडत. "पवित्र वस्तू बाहेरच्या हाताला लागणार नाही." झाला नियम.

उत्तमसाठीही त्यांनी असाच एक नियम केला होता. उत्तम वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला होता. माणूस प्रेमळ, पण बाटलीपुढे हरणारा. वर्षभर थेंबही शिवला नाही, तरच प्रभुभोजन. मध्ये घसरला, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. त्याची बायको मालन त्याच्या वाटचे पुण्य जमवायला लागली. देवळाची फरशी पुसायची, उपास करायचे, पंचांच्या घरचे पापडही लाटायचे. बिचारी वाळून काडी झाली. तिला स्वतःला बंदी नव्हती, पण नवऱ्याला सोडून ती घोट घेईना. दोघे मागच्या बाकावर बसत आणि मी त्यांच्या पुढच्या बाकावरूनच परत फिरे. सांगा, मला राग येणार नाही तर काय होईल?

सत्याऐंशी सालचा ईस्टर आला. ठाण्याहून उपदेशाला येणारे धोंडीबा पाळक स्वभावाने मऊ, पण त्या दिवशी ते मनापासून बोलले. तारण हे दान आहे, चांगल्या कामांची मजुरी नव्हे, विश्वासाने हात पुढे करा, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून उत्तम उभा राहिला.

"पाळकसाहेब, मी गेल्याच आठवड्यात प्यालेलो. खोटं नाय बोलणार. माझ्याच्यानं नाय होत, म्हणून तर येशूकडे आलेलो. असाच घेता का मला?"

"बस खाली!" पंच ओरडले. "अयोग्यपणे पिणाऱ्याला दंड होतो. आधी सुधर, मग ये."

"स्वतःच सुधारलो असतो तर मला तारणारा कशाला लागला असता हो, पंच?"

पाळकांनी मला उचलले आणि नेहमीसारखे पुढच्या बाकावर दिले. मला त्यांचाही संताप आला.

सणाला काही उणे राहू नये म्हणून पंचांनी आदल्या संध्याकाळीच मला रसाने भरून ठेवले होते. तो रस मंडळीने घेतला आणि दुपारपर्यंत एकेक जण ओकू लागला. पुढच्याच रविवारी पंचांनी निकाल दिला. हा उत्तमच्या पापाचा कोप आहे, त्याचे नाव मंडळीतून काढा!

तेवढ्यात रमाबाई उठल्या. "कोप नाय नि बिप नाय! कल्हई गेलेल्या पितळेत रात्रभर आंबट ठेवलं, ते कळकलं, विषासारखं झालं. एवढं माझ्या नव्या सुनेलाही कळतं!"

बायका हसल्या, मग पुरुषही हसले. पंचांचा चेहरा उतरला आणि नाव काढायची गोष्ट तिथेच विरली. रमाबाईंनी मला उचलले आणि सरळ कल्हईवाल्यापुढे नेऊन ठेवले. त्याने मला निखाऱ्यांवर तापवले, नवसागर टाकला, कथील फिरवले. बाहेरच्याच हाताने मी आतून नवा झालो, आणि त्यासाठी मी काहीएक केले नव्हते.

पुढच्या प्रभुभोजनाला पाळकांनी मला आधी मागच्या बाकावर नेले. "उत्तम, विश्वास आहे?"

"हाय."

"मग घे."

त्याने घोट घेतला, मग मालनने घेतला आणि ती ओक्साबोक्शी रडली. मलाही भरून आले. सगळ्या बाकांवरून फिरून मी परत उत्तमच्या हाती आलो. राहिले होते फक्त पंच. ते दाराशी उभे होते. उत्तम त्यांच्याकडे गेला.

"घ्या, पंच."

"माझ्यामुळे मंडळी आजारी पडली. आधी मला त्याची भरपाई करू दे."

"ती नाय लागत. मला तरी कुठं लागली?"

पंचांनी माझ्याकडे पाहिले, मग उत्तमच्या हाताकडे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. "फुकट? आणि तुझ्या हातून?" असे म्हणून त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ते चालू लागले.

मित्रांनो, भांडी जरूर जपा. पण कोणी भरला प्याला पुढे केला, तर आपली लायकी मोजत बसू नका, आणि देणाऱ्याची तर मुळीच नको. पंचांवर मी इतकी वर्षे जळफळलो होतो, पण त्या दिवशी मला त्यांची कीव आली. शेवटचे गीत संपले, मंडळी घरी गेली, मालन हाक मारत राहिली, तरी उत्तम मला खाली ठेवेना. पंचांच्या वाटचा घोट दाराकडे धरून तो तसाच उभा होता.