दोन घंट्या

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण ज्या कंपनीची तार माझ्या पाठीला जोडली आहे, तिने माझी फार बदनामी केली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, घंटी बसवली आणि शेवटी एकीने रिसीव्हर कानाला लावून मान डोलावली. तिथून मी आलो तो शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरी. शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर मला बसवलं आणि अंगावर झालरीचा रुमाल घातला. काय तो थाट! शेजारीपाजारी माझ्यासाठी ताटकळत उभे राहत. कुणाला नोकरी लागली, कुणाला मुलगी झाली, सगळं आधी माझ्या कानात. पुढे मोबाईल आले आणि माझ्या रुमालावर धूळ साचू लागली. मी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण एक काम अजून फक्त माझं होतं.

ताईंचे वडील, आप्पा, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. नजर जवळजवळ गेलेली, हट्ट मात्र शाबूत. 'माझं घर सोडून मी कुठ्ठे यायचा नाही!' मग बापलेकीत एक ठरलं. सकाळी उठलं की आप्पांनी इथे फोन लावायचा, दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन घंट्या म्हणजे 'मी उठलो, बरा आहे'. घंटी थांबलीच नाही तर 'धावत ये'. दोन घंट्या झाल्या की ताई यंत्रावरचा पाय न थांबवता म्हणत, "ऐकलं हो, आप्पा." आप्पांना ते ऐकू जात नसे, पण ताई रोज म्हणत.

मग कंपनीला आमचा पुळका आला. त्याच तारेवरून घरात इंटरनेट देणार म्हणे! एक माणूस आला, माझ्या शेजारी लुकलुकणारा डबा ठेवून गेला. जाताना त्याने गल्लीच्या कोपऱ्यावरच्या, सगळ्यांच्या तारा जिथे येतात त्या लोखंडी पेटीत काहीतरी खुडबुड केली. थोड्याच वेळात मी वाजलो. ताईंनी उचलला.

"दाढी करायला आत्ता येऊ का? गर्दी आहे?"

ताई चक्रावल्या. त्यांनी माझ्यावरूनच आपला स्वतःचा नंबर लावला, तर पलीकडून आवाज आला, "बोला, सलून!" पेटीत दोन तारांची अदलाबदल झाली होती. आमचा नंबर वाजत होता रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये आणि सलूनचा माझ्या पोटात.

एवढीशी चूक. पेटी उघडून दोन तारा उलट करायच्या, संपलं. पण कंपनीशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

"मॅडम, आमच्याकडे तुमची लाईन चालू दिसते आहे," कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"चालू आहे गं, पण ती माझी नाहीये!"

"मग ज्यांची आहे, त्यांनी तक्रार करायला हवी ना."

सलूनवाल्या दादांनी तक्रार केली, तर त्यांना सांगितलं, "हा नंबर तुमच्या नावावर नाही." मग कहर म्हणजे, "मॅडम, तुमचं यंत्र जुनं आहे, ते बदलून बघा." म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! एकदा निरोप आला की आमचा माणूस येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते. ताई तेव्हा दार उघडं टाकून गणवेश शिवत बसल्या होत्या. मी साक्षीला आहे, पण मला विचारतो कोण? शेवटी कळवलं, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.'

कंपनीचं काम मग दादांनीच केलं. ते सलूनमागच्या खोलीतच राहत. सकाळी त्यांच्याकडे दोन घंट्या झाल्या की ते सलूनचाच नंबर लावून माझ्यावर फोन करत. "ताई, आप्पा उठले बरं का!" कधी तर गिऱ्हाईकाच्या गालावर साबण तसाच ठेवून. ताईंनी आप्पांना मोबाईलचा नंबर शिकवून पाहिला, पण न दिसणाऱ्या माणसाच्या बोटांना वर्षानुवर्षांची एकच वाट ठाऊक. अर्ध्यावर ती चुकायची.

एका सुटीच्या दिवशी दादा सलून बंद करून बहिणीकडे गेले. जाण्याआधी दोन घंट्यांचा निरोप त्यांनी दिला होता. ताई निर्धास्त होत्या. दुपारी आप्पा मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. सरपटत त्यांनी टेलिफोनची तार ओढली, यंत्र खाली पाडलं आणि फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुलूपबंद सलूनमध्ये, रिकाम्या खुर्च्यांपुढे. मी इथे ताईंच्या हाताशी, मुका!

संध्याकाळी ताई जेवणाचा डबा घेऊन गेल्या, तेव्हा आप्पा जमिनीवरच होते. रिसीव्हर छातीशी धरलेला. मांडीचं हाड मोडलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "कितीदा लावला गं. तू उचलला नाहीस."

ताईंनी हे माझ्याशेजारी बसून दादांना सांगितलं आणि त्या रडल्या. दादा मान खाली घालून बसले. ज्यांनी मान खाली घालायची, ते त्या खोलीत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी दादा कंपनीच्या दारात जाऊन बसले आणि माणूस घेऊनच परतले. पेटी उघडली, दोन तारा बदलल्या, पेटी बंद. ताईंनी ठेवलेला चहा उकळायच्या आत काम झालं. मला माझा नंबर परत मिळाला आणि लगेच घंटी वाजली. ताईंनी धावत उचलला.

"आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबा."

माझ्या तोंडून हे शब्द यावेत! ताईंनी रिसीव्हर ठेवला नाही. शिवणयंत्राच्या टेबलावर पालथा टाकला आणि त्याला बडबडू दिलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी अशाच एखाद्या कंपनीच्या खुर्चीवर बसेल. कुणी 'माझा फोन वाजत नाही' म्हणालं, तर तुमच्या पडद्यावर काय दिसतं ते मागाहून सांगा. आधी उठून ती पेटी उघडा. त्या तारेच्या टोकाला कोण पडलंय, ते पडद्यावर दिसत नाही.

आप्पा आता ताईंकडेच असतात. ज्या घरासाठी एवढा हट्ट केला, त्याला कुलूप आहे. त्यांची खाट माझ्या स्टुलाला लागून आहे. मी ठणठणीत आहे, पण सकाळी आता कुणी फोन करत नाही. आप्पा उठतात, हात लांबवून मला चाचपतात आणि बोटाने माझ्या पाठीवर दोनदा टकटक करतात.

"ऐकलं हो, आप्पा," ताई म्हणतात. आणि यंत्र थांबवून उठून येतात.