प्लास्टिकच्या घरातली गौर

चंद्राबाईंना सून पसंत होती, सुनेच्या हातचं कालवण पसंत होतं. सलत होतं ते फक्त सुनेचं पॉलीहाऊस. पोशीरमधल्या ज्या जमिनीत चार पिढ्या भात झाला, तिच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकचं घर उभं राहिलं आणि त्यात लावलं काय, तर तेरडा! नर्सरीवाले त्याला इम्पेशन्स म्हणतात, फार्महाऊसवाले मुंबईकर त्याच्या कुंड्या हौसेनं नेतात. पण चंद्राबाईंना त्या नावाशी काय करायचंय? "बांधावर फुकाट उगवतो त्यो तेरडा," त्या शेजारच्या इंदूबाईंना ऐकवत, "आनि आमची ही त्याला घर बांधून देते. उद्या घुशीला पलंग घालंल."

समीक्षा हसून सोडून देई. नवरा स्वप्नील साजगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे दिवसभर घरात या दोघीच. तीन वर्षांत सासूनं पॉलीहाऊसच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. चहा झाला की अंगणातूनच खणखणीत हाक येई, "ए प्लास्टिकवाले, च्या झाला गं!"

त्या घराच्या मधल्या बाकावर समीक्षाचा सगळा जीव होता. तिथं लाल फुलांची झाडं होती. आतून गच्च भरलेली, गुलाबाच्या तोंडात मारतील अशी फुलं. ती कुठल्या कंपनीकडून आली नव्हती. समीक्षाचं माहेर खालापूरकडचं. लग्नात पाठवणी करताना आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून अंगणातल्या झाडाचा एक शेंडा ओटीत घातला होता. पुढं आई गेली, भावानं घर विकलं, आणि ते अंगण आता एका गोदामाच्या फरशीखाली आहे. पण शेंडा जगला. त्याची कटिंगं, त्या कटिंगांची कटिंगं, असं करत बाक भरला. असं दुहेरी फूल बी धरत नाही, ते पुढं न्यायचं तर कटिंगनंच. शेंडा बोटभर कापायचा, कळ्या खुडायच्या, ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, खोचायचा आणि पाण्याचं धुकं मारत राहायचं. काही दिवसांनी हलकेच ओढून बघायचं. त्यानं मुळं धरली असली की बोटांना कळतं. ते कळलं की समीक्षाला दर वेळी आईनंच पलीकडून हात धरल्यासारखं वाटे.

यंदा गौरी आल्या तेव्हा नवलच झालं. यांच्याकडे गौर तेरड्याची. बांधावरचा तेरडा मुळासकट उपटून आणायचा, सवाशिणीनं तो हातात घेऊन घरभर फिरायचं आणि देवीला घरातली एकेक जागा दाखवायची. तांदळाच्या पिठानं मुठीची पावलं उमटवत चंद्राबाई पुढं आणि गौर घेतलेली समीक्षा मागं. चूल दाखवली, धान्याची कणगी दाखवली, गोठा दाखवला. मग चंद्राबाई थबकल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "चल, तुजं घर नाय दाखवायचं व्हय गौरीला?"

समीक्षाला आधी कळेचना. सासूबाई पिठाची वाटी घेऊन चिखलातून चालू लागल्या, पॉलीहाऊसच्या उंबऱ्यावर वाकल्या, पाऊल उमटवलं आणि आत गेल्या. बाहेरचं पान आत न्यायचं नाही हा समीक्षाचाच नियम. तो तिला त्या क्षणी आठवलाही. पण तीन वर्षांनी उघडलेलं दार नियमासाठी कोण लावून घेतं? डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच वाहू देत ती गौर घेऊन आत शिरली. चंद्राबाई लाल बाकापाशी थांबल्या. "बघ गं बाये," त्या गौरीला म्हणाल्या, "ही माज्या सुनेची माया."

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. फवारा धरू लागल्या, शेंडे कापायला शिकल्या. कापताना "लागत असंल का गं झाडाला?" असं विचारायच्या. समीक्षाच्या आयुष्यात इतके सुखाचे दिवस फार आले नव्हते.

पितृपक्षात पानं पिवळट दिसू लागली. पाणी जास्त झालं असेल, तिनं मनाची समजूत घातली. मग पानं गळायला लागली. तिनं एक पान उलटलं. खालून पांढरं, पीठ चाळल्यासारखं. दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि मग बघणं सोडून ती तिथंच ओल्या जमिनीवर बसली.

शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या आपल्या जुन्या सरांना तिनं मोबाईलवर फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "डाऊनी आहे, समीक्षा. बुरशी. लागल्यावर औषध चालत नाही, आणि रोगी झाडाचं कटिंग रोगीच निघतं. सगळं उपटून जाळ." मग त्यांनी विचारलं, "हा रानातल्या तेरड्यावर असतो कधी कधी. कुणी आत आणला होता का?"

फवाऱ्याची नळी गुंडाळत चंद्राबाई चार हातांवर उभ्या होत्या.

"नाही, सर," समीक्षा म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सांगावं तर सासू आयुष्यभर गौरीसमोर मान वर करणार नाही. न सांगावं तर ती रोज विचारते, "आपल्या हातून काय चुकलं गं?" झाडं उपटायला चंद्राबाईच पदर खोचून पुढं झाल्या. लाल बाकाला समीक्षाचा हात लागेना, तर तोही त्यांनीच रिकामा केला. शेताच्या कडेला ढीग पेटला. ओली झाडं पेटता पेटत नव्हती, धूर तेवढा घराकडे येत राहिला. "गौर कोपली," चंद्राबाई पुटपुटत होत्या. "तीन वर्सं तिला हितं आनली नाय म्हून कोपली. पुढच्या वर्साला आदी हितंच आनीन." समीक्षा धुराचं निमित्त करून रडली.

मग बाक औषधाच्या पाण्यानं धुतले. दारात पाय बुडवायला पसरट घमेलं आलं. पुण्याच्या नर्सरीतून पांढऱ्या, गुलाबी, साध्या फुलांची नवी कटिंगं आली. कुंड्या पुन्हा खपतील, यात शंका नव्हती. पण लाल मात्र गेलं. समीक्षानं तिच्याकडून रोपं नेलेल्या फार्महाऊसांना फोन करून पाहिले. कुणाचं उन्हाळ्यातच वाळलं होतं, कुणाच्या माळ्यानं उपटून टाकलं होतं. एक शेंडा, बोटभर, कुठंतरी निरोगी राहिला असता तरी पुरलं असतं.

दसऱ्याच्या सकाळी ती नव्या ट्रेंना पाणी देत होती, तेव्हा दारातून हाक आली. "समीक्षा, हितं बघ गं!"

चंद्राबाई घमेल्यात पाय बुडवून उंबऱ्यावर उभ्या होत्या. हातात तांब्या, आणि तांब्यात एक शेंडा. टोकाला लाल कळी.

समीक्षाच्या हातातला फवारा खाली पडला.

"गौरीच्या पाठवनीला कापून ठेवलावता देवापाशी," चंद्राबाईंचं तोंड आनंदानं फुललं होतं. "म्हनलं, मुळं आली की दावीन सुनेला, मला बी जमतंय. ह्ये बघ, कशी पांढरीशिप्पट मुळं फुटलीत!"

खरंच फुटली होती. समीक्षा धावत आली. पाठवणीच्या दिवशीचा शेंडा, म्हणजे गौर आत आल्यावर दोनच दिवसांनी कापलेला. कदाचित तोवर लागलं नसेल. आई, लागलेलं नसू दे, तिनं गेलेल्या आईला मनोमन विनवलं. "ठेवला कशात होता, आई?"

"ह्याच्यातच की. गौर ठेवलीवती त्या तांब्यात. पानी पन टाकलं नाय, देवीचं पानी." त्यांनी आत पाऊल उचललं. "चल, तुज्या त्या बाकावर लावू."

समीक्षानं पान उलटलं. मग हात आडवा धरला. हा हात आपला नसता तर बरं, असं तिला वाटलं. पण मागं कालपरवाच आलेली सगळी कोवळी रोपं होती.

"आई, आत नका आणू."

चंद्राबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग पानाकडं. म्हातारीची नजर अजून शाबूत होती.

"असंच व्हतं," त्या म्हणाल्या. "गौरीच्या पानांखाली. मी बगितलंवतं गं. मला वाटलं, पावलांचं पीठ उडालं."

"हातात माझ्याच होती, आई. मीच आणली आत."

"मी बोलावलं म्हून आनलीस."

चंद्राबाईंनी उचललेलं पाऊल मागं घेतलं, तांब्या पदराखाली झाकला आणि शेताच्या कडेला, जिथं ढीग जाळला होता, तिकडं एकट्याच चालत गेल्या. समीक्षा हाका मारत राहिली, त्या थांबल्या नाहीत.

नवी रोपं चांगली लागली. पांढरी फुलली, गुलाबी फुलली. चंद्राबाई कुणापाशी एक शब्द बोलल्या नाहीत, सुनेवर रागावल्याही नाहीत. उलट तिच्या पानात वाढताना हात जरा जास्तच सैल सोडू लागल्या. फक्त चहा झाला की पुन्हा अंगणातूनच हाक येते. आताशा ती इतकी हळू असते, की कितीदा ती समीक्षाला ऐकूच येत नाही.