नेमाबाहेरचं पाणी

मी दोनशे लिटरचा निळा ड्रम. आष्टीत मला कुणी बॅरल म्हणतं, कुणी टिपाड. टिपाड म्हटलं की मी एकदम नपुंसकलिंगी होतो, ते मला फारसं रुचत नाही. पण पोटात पाणी असलं की माणसं कुठल्याही नावानं प्रेमानंच हाक मारतात, म्हणून मी चालवून घेतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात पहिलं काय पडलं असेल, तर मिठातल्या कैऱ्या. लोणच्यासाठी. वर्षभर मी कैऱ्याच वाहिल्या. मग नगरच्या भंगारवाल्याकडे आलो आणि तिथून एका टेम्पोत बसून आष्टीच्या बाजारात.

तिथं मला रहेमतबीनं पाहिलं. पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. आष्टीच्या बसस्टँडजवळ तिचा फळांचा गाडा. तिनं माझं झाकण काढलं आणि सरळ डोकं आत घातलं.

"यात औषधं होती का काय?" तिनं विचारलं.

"न्हाई चाची, लोणच्याचं हाय. खायचंच होतं," टेम्पोवाला म्हणाला.

"वास मारतोय."

"कैरीचा वास हाय, विषाचा थोडाच हाय?"

मग मी तिच्या घरी आलो. तिनं मला चिंच आणि राख लावून घासलं, चार दिवस उन्हात तोंड वासून उभं केलं. तरी पुढचा पंधरवडा त्या घरात चहा आंबटच लागत होता. तिचा मुलगा पाशा, गावातला मोटारसायकल मेकॅनिक, रोज सकाळी तोंड वाकडं करून म्हणायचा, "अम्मी, आज चहाबरोबर भाकरी आण, लोणचं हायच कपात." घरात आपसांत दखनी चालायची, पण मी तुम्हाला मराठीतूनच सांगतो. त्या घरात राहून मला दोन्ही भाषा कळायला लागल्या होत्या.

पाऊस तेव्हा रुसून दुसरं वर्ष होतं. अंगणातल्या बोअरनं आधीच्याच उन्हाळ्यात मान टाकली होती. पाशानं मोटर चालू केली की आतून नुसती हवा खाकरायची. नळाला पाणी यायचं थांबलं आणि गल्लीत टँकर सुरू झाला. पाचव्या दिवशी यायचा, कधी सहाव्या. त्या पाच दिवसांचं सगळं घर माझ्या पोटावर.

तेव्हा रहेमतबीनं नेम घालून दिले. तांदळाचं धुवण शेळीला. अंघोळ मोठ्या घमेल्यात बसून, त्याच पाण्यानं फरशी पुसायची आणि उरलेलं संडासात. नमाजाआधी हातपाय धुवायचे ते एका लोट्यात, खाली परात ठेवून, आणि परातीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. पाहुणा आला तर पेला अर्धाच भरायचा, लागलं तर पुन्हा द्यायचं. एकदा पाशाचा एक दोस्त अर्धा पेला बघून हसला, तर रहेमतबी म्हणाली, "हसून झालं का तहान सांग. तहान आसंल तेवढं देते, फेकायला देणार न्हाई."

तिच्याकडे एक वेळूची काडी होती. सुरीनं खुणा केलेली. रोज संध्याकाळी मगरीबच्या नमाजाआधी ती काडी माझ्यात उभी बुडवायची, किती बोटं ओली झाली ते बघायची आणि मान हलवायची. डॉक्टर ताप बघतो तसं. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी स्थिर राहायचो. हललो तर खूण चुकेल.

घरात तिसरी होती शाईस्ता, पाशाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेर मांजरसुंब्याचं. कमी बोलायची, पण जे ऐकायची ते लक्षात ठेवायची.

आणि त्या दिवाळीनंतर चौथी आली.

शेजारच्या गल्लीतली भिवराबाई आणि तिचा नवरा शहादेव, दोघं ऊसतोडीला निघाले होते. कोयते बांधलेले, ट्रॅक्टर तिठ्यावर उभा. भिवराबाई मुलीला हाताला धरून आमच्या दारात आली.

"भाबी, राजनंदिनी नववीला हाय. संगं नेली तर शाळा सुटंल. पर तुमच्याकडं पाण्याचे हाल, मला कळतंय. कोणत्या तोंडानं म्हणू ठेवून घ्या?"

रहेमतबीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी तेव्हा अर्धाच होतो.

"तोंडाचं काय घेऊन बसलीस? पोरीला आत येऊ दे," ती म्हणाली. "तीन पेल्यांचे चार करू. जा तू, ट्रॅक्टर सुटंल."

तर असे आम्ही पाच जण. चार माणसं आणि मी. शेळीला धरलं तर सहा.

राजनंदिनी गुणी मुलगी. शाळेतून आली की शेळीला पाला टाकायची, शाईस्ताबरोबर फळं पुसायची. पेला उचलायची तो तळापर्यंत संपवून ठेवायची. कधी काही मागितलं नाही. पुढं काय झालं ते तिच्या या न मागण्यामुळंच झालं.

मार्च लागला. ऊन असं की दुपारी मला स्वतःलाच वाटायचं, आपण वितळून जमिनीला चिकटणार. एका दुपारी रहेमतबी गाड्यावर होती, शाईस्ता आत पडली होती. राजनंदिनी मधल्या सुट्टीत आली. एवढ्या उन्हात तिनं कमरेला स्वेटर बांधला होता. तिनं हळूच माझं झाकण उचललं, दोन तांबे पाणी घेतलं, मोरीत गेली आणि दार लावलं. बाहेर आली तेव्हा स्कर्टची मागची बाजू ओली होती. तिनं स्वेटर परत बांधला आणि पळाली.

त्या संध्याकाळी काडीनं सांगितलं, रोजच्या हिशेबापेक्षा दोन बोटं कमी.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मग बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा रहेमतबीचा पारा चढला.

"शाईस्ता, केस धुतलेस का?"

"न्हाई अम्मी."

"मग पाणी जातं कुठं? ड्रमला भोक हाय का?"

माझ्या अंगाला भोक! मी रागानं लाल झालो असतो, पण माझा रंग निळा.

"मी का चोरीन, अम्मी?" शाईस्ता म्हणाली. "पाण्याची चोरी? पाच दिवसांतून एकदा अंघोळ करते मी."

"मी चोरी म्हणले का? विचारलं फक्त."

पण विचारण्याचा सूर सगळ्यांना कळतो. शाईस्तानं त्या दिवसापासून सासूसमोर पाणी प्यायचंच सोडलं. पाशा दोघींच्या मधे बसून भाकरी खायचा आणि कुणाकडेच बघायचा नाही. मला सगळं ठाऊक होतं. कोण येतं, केव्हा येतं, किती घेतं. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात मला एवढं जड कधी वाटलं नाही, आणि तेव्हा मी जवळजवळ रिकामा होतो.

तिसऱ्या दिवशी शाईस्ताचा भाऊ आतिफ मोटारसायकल घेऊन दारात उभा. शाईस्तानं पिशवी भरली होती.

"चार दिवस मांजरसुंब्याला जाऊन येते," ती म्हणाली. चार दिवसांची पिशवी एवढी फुगत नाही, हे आतिफलाही दिसत होतं. रहेमतबी उंबऱ्यात उभी होती. जा म्हणत नव्हती, थांबही म्हणत नव्हती.

तेवढ्यात राजनंदिनी शाळेतून आली. तिनं पिशवी पाहिली, शाईस्ताचे डोळे पाहिले, आणि दप्तर हातातून खाली सोडलं.

"चाची, भाभीनं न्हाई घेतलं. पाणी मी घेतलं."

आतिफला काही कळेना. रहेमतबी वळली. "कावून? प्यायाला कमी पडतं तुला?"

"न्हाई." राजनंदिनीची मान खाली. मग ती रहेमतबीच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "महिन्याची अडचण आली का कपडे धुवाया लागतेत. मागच्या महिन्यात शाळेत डाग पडला, पोरी हसल्या. मागाया लाज वाटली. पाशाभाई आसतेत घरात."

शेळी तांदळाच्या धुवणात तोंड घालून फुरफुरत होती.

रहेमतबी तिथंच पायरीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"शेळीचा नेम केला," ती म्हणाली. "झाडाचा केला. पाव्हण्याचा केला. आन् ह्याचा नेम मी केलाच न्हाई. बाई आसून."

मग तिनं शाईस्ताकडे पाहिलं. "तू कसं करत व्हतीस गं?"

"माझ्या अंघोळीतलं वाचवून ठेवायची," शाईस्ता म्हणाली. "म्हणून तर पाच दिवसांनी एकदा अंघोळ."

रहेमतबी उठली. सुनेच्या हातातली पिशवी तिनं घेतली. "माझं चुकलं, शाईस्ता. मला काडी दिसली, माणूस दिसलं न्हाई." त्या आवाजात नेहमीचा खणखणाट नव्हता. शाईस्ता तोंडावर ओढणी घेऊन रडली आणि राजनंदिनी तिला बिलगून रडली. आतिफ बिचारा हेल्मेट धरून उभा. त्याला त्या दिवशी काठोकाठ भरलेला पेला मिळाला. त्या घरात दीड वर्षात पहिलाच. तो सगळं पाणी प्यायला आणि एकटाच परत गेला.

त्याच संध्याकाळी रहेमतबीनं पाच लिटरचं झाकणाचं कॅन आणलं, माझ्यातून भरलं आणि मोरीत ठेवलं. "हे मोजायचं न्हाई, विचारायचं न्हाई. सरलं का भरून ठेवायचं."

"हे कशाचं हाय?" पाशानं विचारलं.

"तुझं न्हाई," तिघी एकदम म्हणाल्या. पाशा मुकाट्यानं गॅरेजला गेला. स्वतःच्या अंघोळीतला एक तांबा मात्र त्यानं त्या दिवसापासून कमी केला. बोलला नाही, पण मला बरोबर कळलं.

पुढं भिवराबाई उसावरून आली, मुलीला घेऊन गेली. जून कोरडा गेला. जुलै, ऑगस्टमधे ढग आष्टीवरून बघून न बघितल्यासारखं करून जायचे. आणि सप्टेंबरात, सगळ्यांनी नाद सोडल्यावर, एका मंगळवारी दुपारी जो पाऊस लागला तो चार दिवस थांबला नाही.

रहेमतबीनं मला ओढत स्लॅबच्या पन्हाळीखाली नेलं. मी अर्ध्या तासात भरलो आणि वाहू लागलो. मग बादल्या आल्या, घागरी आल्या, परात, पातेली, बिर्याणीचा देग, शेवटी चहाची किटली. किटलीही भरली तेव्हा रहेमतबी पावसात उभी राहून खदखदा हसायला लागली. "आता काय, बशा मांडू का?" पलीकडून भिवराबाई ओरडली, "भाबी, आमच्याकडं तर आंगठ्याएवढं भांडं ऱ्हायलं न्हाई!" पाशा मला सरळ करायला आला आणि चिखलात सपशेल बसला. त्याच्या अंगावर मीही थोडा सांडलो. मुद्दाम नव्हे. म्हणजे, फार मुद्दाम नव्हे.

कपिलधारचा धबधबा पडू लागला म्हणून गल्लीतली माणसं बघायला गेली. नळ दिवसाआड येऊ लागला. आणि मग मी माणसांची एक गंमत पाहिली. दोन वर्षं ज्यांनी पेल्यानं पाणी वाटलं, त्यांनीच दहा दिवसांत नळ मोकळे सोडले. गाड्या धुतल्या, रस्ते धुतले. पाशानं तर एकच मोटारसायकल एका दिवसात दोनदा धुतली. मला मोरीमागं पालथं टाकलं होतं. माझ्या बुडावर एक कोंबडी बसायची.

"अम्मी, ड्रम कापतो," एके दिवशी पाशा म्हणाला. "अर्ध्यात इंजिनचे पार्ट धुता येतेल."

माझ्या अंगावर काटा आला. प्लॅस्टिकला येतो तेवढा.

"कापू नका," शाईस्ता म्हणाली. "आमच्या मांजरसुंब्याला एका ढाब्यावर स्लॅबचं पाणी ड्रममधून गाळून बोअरमधे सोडलंय. चार दिवस आपलं पाणी नालीतून गेलं. मी बघत व्हते."

"आता लई पाणी हाय गं. कावून येवढा घोर?"

शाईस्ता सासूकडे बघत म्हणाली, "हाय तोवरच करता येतं."

रहेमतबीनं क्षणभर विचार केला. "पाशा, तुझी ड्रिल मशीन आण."

तर ज्यानं आयुष्यभर एक थेंब गळू दिला नाही, त्या माझ्या बुडाला भोकं पडली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मग शहादेवनं नदीकाठचे गोटे आणले, भिवराबाईनं खडी धुतली, राजनंदिनीनं कोळसा आणि वाळू चाळून थर लावले, वर बारीक जाळी बांधली. मला बोअरशेजारी विटांवर बसवलं. वर स्लॅबचा पाइप, खाली बोअरचा. परतीचा एक पाऊस अजून बाकी होता. तो आला, माझ्यातून गेला, आणि जमिनीच्या पोटात खोलवर गुडगुड असा आवाज झाला. सगळे बोअरला कान लावून बसले होते. भिवराबाईही, शहादेवही.

दिवाळीच्या आधी पाशानं मोटरचं बटण दाबलं. ती खाकरली, गढूळ थुंकली आणि मग मनगटाएवढी धार आली. पाऊस झाल्यावर सगळीकडचंच पाणी वर येतं, त्यात माझा वाटा किती ते मला ठाऊक नाही. पण शाईस्तानं माझ्या पाठीवर थाप मारली, ती मी ठेवून घेतली आहे.

आता मी धरत नाही, जाऊ देतो. थोडं काळवंडलोय, अंगाला चिरा पडल्यात, पण दुखत नाही. गल्लीत आणखी चार घरांनी माझ्यासारखे ड्रम बसवलेत. तुम्हीही बसवणार असाल तर एकच मागणं आहे. पावसाआधी एकदा जाळी काढून पाला झाडत जा, आणि स्लॅब झाडून घ्या. एरवी आमची कसली तक्रार नाही.

आज दुपारपासून नगरच्या बाजूला आभाळ काळं धरलंय. शाईस्ता स्लॅबवर चढली आहे. तिच्या झाडूचा खरखर आवाज पाइपातून खाली माझ्यापर्यंत येतोय. खालून रहेमतबी ओरडतेय, "कोपरे नीट काढ गं, कोपरे!" बरं, मी आता गप्प बसतो. कामाची वेळ झाली.