इया कुनलेचं मीठ

"डोळे कशाला बांधायचे? उघड्या डोळ्यांनी पोरांना चव कळत नाही होय?" इया कुनले वर्गाच्या दारातच आडवी उभी राहिली.

ओमोतायो बाई हसल्या. "बघितलं की मुलं लगेच ओळखतात, इया. जिभेनं ओळखायला हवं. गोड, आंबट, खारट, कडू. एवढाच प्रयोग आहे."

"हं. चेटकिणीसुद्धा पोरांना असंच गोड बोलून चारतात."

पोरं खुसखुसली. पहिल्या बाकावर बसलेल्या रोंकेने, तिच्या नातीने, लाजून मान खाली घातली. पण इया बधणारी नव्हती. इसेयिनच्या बाजारात तिची जेवणाची टपरी होती, अमालाच्या उंड्यांची आणि एगुसीच्या कालवणाची. एकेकाळी दुपारी तिथे बसायला जागा मिळत नसे. हल्ली माश्या मारत बसायची पाळी आली होती. सगळं गिऱ्हाईक समोरच्या सिकीराकडे. हे काय आपोआप होतं? सिकीराने काहीतरी पुरलं असणार म्हणून इयाने स्वतःची चूल उकरून पाहिली. काही सापडलं नाही, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. मीठवालाही सिकीराला सामील. मेल्याच्या मिठाला खारटपणाच नव्हता. दुकान बदललं, तरी तेच. टपरी बसली तर ती आणि रोंके खाणार काय?

"आधी मी चाखणार," ती म्हणाली. "पोरांआधी मोठ्यांनी चाखायचं, ही आपली रीत. का शाळेत चालत नाही ती?"

"चालते की. बसा."

बाईंनी फडकं बांधलं. पेला ओठाला लागला.

"पाणी," इया म्हणाली.

"नीट घोळवा बघू तोंडात."

"अगं बाई, पाणीच आहे! मला पाणी पाजायचं आणि पोरांना भलतंच, हा डाव होय? रोंके, इकडे ये. याच पेल्यातलं घे."

रोंकेने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! नुसतं मीठ आहे, आजी!"

इयाने फडकं ओढून काढलं. टेबलावर एवुरोची पानं होती. कडूपणा जावा म्हणून ही पानं तिने जन्मभर चोळचोळून धुतली होती. तिने न धुतलेली मूठभर पानं तोंडात कोंबली आणि चावू लागली. पोरांचीच तोंडं कडू झाली. तिला मात्र नुसता पाला लागत होता.

"इया, कधीपासून होतंय हे?" बाईंनी हळूच विचारलं.

"तुला काय करायचंय?" तिने हनुवटीवरचा हिरवा रस पुसला. "विषबिष नाहीये. दे पोरांना."

ती तडक टपरीवर आली. वाटीत कालवण घेऊन तिने रस्ता ओलांडला. सिकीराशी तिने कित्येक महिने बोलणं टाकलं होतं. जेवणारे हात थांबले.

"काय घातलंयस यात?" सिकीराने विचारलं.

"तेच विचारायला आलेय. मीठ बघ."

सिकीराने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग बोट बुडवून चाटलं. आता ही सगळ्यांदेखत हसणार, म्हणून इया दात आवळून उभी राहिली. सिकीराने गिऱ्हाइकांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फार झालंय गं."

परत जाऊन इयाने वाटीत गरम पाणी ओतलं, ढवळलं आणि पुन्हा रस्ता ओलांडून आली.

"आता बघ," म्हणत तिने वाटी पुढे केली.